साखराबाईचा कडू घास

टीव्हीच्या मालिकेत साहेबराव सोनकांबळे वारला, तेव्हा त्याच्या घरी कुणी कपभर चहासुद्धा घेऊन आलं नाही. चौथ्या भागात तो म्हातारा गडी होऊन उंबऱ्यावर बसला, पाचव्या भागात खोकला आणि सहाव्यात गेला. लातुरातल्या त्याच्या गल्लीत शेजारच्या पोरी त्याला मरताना बघून खिदळल्या. एकीनं खिडकीतून विचारलं, आजोबा, मेल्यावर डोळा कसा काय फडफडला? साहेबराव म्हणाला, माशी बसली होती. मग बायकोकडं वळून त्यानं विचारलं, "काय गं पंचफुला, त्या साली भाकरी किती आल्या होत्या?"

"एक्केचाळीस," पंचफुला म्हणाली. "आन् मेलं कुनीच नव्हतं."

ते साल बहात्तरचं. मराठवाड्यात पावसानं दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना हाताला चिकटायची आणि खाताना दाताला. साहेबराव तेव्हा रेणापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं डोकं धरायचं, हे त्याचं काम. अंगानं किरकोळ, उंची सव्वापाच फूट, मिशी असून नसल्यासारखी. पण त्याच्या गळ्यात देवानं, आणि तो देव मानत नसे म्हणून निसर्गानं म्हणू, एक भला मोठा पाटील बसवला होता.

हा पाटील आला कुठून, तेही सांगतो. साहेबरावाचा बाप गावकीची कामं करायचा. पाटलानं ओसरीवरून हाक मारली की त्यानं धावत जायचं. पोरगं बापामागं जायचं आणि बाहेर रस्त्यावर थांबायचं. आत पाऊल टाकायची परवानगी पोराला नव्हती, कानाला मात्र होती. पाटलाचं ते खाकरणं, वाक्याच्या मध्येच थांबून समोरच्याला घाम फोडणं, मग एकदम मऊ होऊन "बरं का" म्हणणं, हे सगळं पोरानं रस्त्यावर उभं राहून उचललं. छप्पन साली घरानं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, बाप विहिरीच्या कामावर जायला लागला. संध्याकाळी पोरगं पाटलाच्या आवाजात बापाला हाक मारायचं आणि बाप दचकून अर्धा उठायचा. मग पोराच्या पाठीत धपाटा घालून पुन्हा बसायचा. शेजाऱ्यांना सांगायचा, पिढ्यान् पिढ्या आमचं राबणं त्यांनी नेलं. त्यांचा आवाज तेवढा माझ्या पोरानं आणला.

रेडिओला हा आवाज सापडला तो एका बैलामुळं. जनावरांच्या तोंडखुरीवर डॉक्टरांची मुलाखत घ्यायला केंद्रावरून मशीन घेऊन माणसं आली होती. त्यांच्यात हणमंतराव होते. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी नभोनाट्यं लिहिणारा हा गृहस्थ सिगारेट पेटवायचा आणि ओढायला विसरायचा. डॉक्टर पुस्तकातलं मराठी बोलायला लागले आणि खोड्यातला एक बैल बिथरला. साहेबरावानं त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि आतला पाटील बाहेर काढला. "अरे सर्ज्या, घरी पाव्हणे आल्यात. जरा मान ठेवशील का न्हाई, बरं का?" बैल गप्प झाला. डॉक्टरही गप्प झाले. हणमंतरावांची सिगारेट बोटापर्यंत जळत आली तेव्हा ते भानावर आले आणि कोण बोललं म्हणून सगळ्या खोलीत पाटील शोधायला लागले.

तिथून 'शेषेरावांचा बांध' सुरू झाला. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं. शेषेराव पाटील हा चाळीस एकरांचा, करड्या शिस्तीचा, नव्या विचाराचा शेतकरी आणि साखराबाई ही त्याची बायको. शेषेरावानं सांगायचं, ढोरांना लस टोचून घ्या; साखराबाईनं म्हणायचं, आधी सोताला टोचून घ्या, मग ढोराला सांगा. साखराबाईचं काम करायच्या केंद्राच्याच गावातल्या एक शिक्षिका, सिंधुताई. खऱ्या आयुष्यात इतक्या शांत, की वर्गातली पोरंसुद्धा त्यांना घाबरत नसत.

साहेबराव महिन्यातून दोनदा एसटीनं साडेचार तास हाडं खिळखिळी करून केंद्रावर जायचा. माईकसमोर उभा राहिला की त्याचा सदरा आखूड व्हायचा आणि छाती रुंद. चाळीस गावं त्याचं ऐकायची. त्यानं एका गुरुवारी शेणखताचा खड्डा सांगितला, तर पुढच्या महिन्यात एसटीच्या खिडकीतून त्याला बांधाबांधावर खड्डे दिसले. ज्या गावातून त्याच्या बापाला चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, त्या गावात त्याच्या शब्दावर खड्डा खणला गेला होता. त्यानं शेजारच्या प्रवाशाला तो खड्डा दाखवला आणि म्हटलं, छान खणलाय. प्रवाशाला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय.

एका गोष्टीची हणमंतरावांनी ताकीद दिली होती. रेडिओवर नटांची नावं सांगायची नाहीत आणि साहेबरावानं बाहेर कुठं तो आवाज काढायचा नाही. कँटीनमध्ये बसून त्यांनी समजावलं होतं, की लोकांनी शेषेराव मनात उभा केलाय. त्याला मिशा दिल्यात, पटका दिलाय, कुणी सहा फूट उंची दिलीय. "तुला बघितलं की उंचीवरनंच त्यांचा निम्मा पाटील गळेल, साहेबराव. आणि राहिलेला निम्मा कशानं गळेल, ते मी तुला सांगायला नको. ज्या दिवशी लोकांना कळलं, त्या दिवशी बांध बंद." साहेबरावानं मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं. आठवड्यातली ती पंधरा मिनिटं टिकवायची, एवढंच त्यानं मनाशी धरलं.

आणि मग सिंधुताईंच्या मालकांची नांदेडला बदली झाली.

हणमंतरावांनी साखराबाईला दोन गुरुवार माहेरी धाडलं. दुसरी एक बाई बोलावून पाहिली, तर पाटलानं दुसरा घरोबा केल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी त्यांनी साखराबाईला उन्हाच्या तडाख्यात विहिरीच्या कडेला चक्कर आणवली आणि मारून टाकलं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी साहेबराव असा रडला, की पाटलाचा आवाज सुटून मध्येच त्याच्या बापाचा आवाज आला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गुरुवारी ते हवेत गेलं. दुष्काळी कामावर मुकादम बाभळीला ट्रान्झिस्टर टांगायचा आणि पंधरा मिनिटं खडी फोडायचे हातोडे थांबायचे. त्या संध्याकाळी कार्यक्रम संपला तरी हातोडे सुरू झाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी साहेबराव जनावरांच्या छावणीत गेला. एका बैलाच्या खुरात किडे पडले होते. बैल लाथा झाडत होता, डॉक्टर लांब होते, आजूबाजूला कुणी दिसेना. साहेबरावानं ताकीद मोडली. "उगी बाबा, उगी. सगळ्यांनाच सोसावं लागतंय, बरं का."

मागं घमेलं पडल्याचा आवाज झाला. वळून बघतो तर पन्नाशीची एक बाई, कपाळाला कुंकू नाही, हातात वैरणीची पेंढी. ती कोंडाबाई. दोन कोसांवरच्या गावची, घरची शेती असलेली. पण त्या साली शेतात धूळ होती, म्हणून बाई खडी फोडत होती आणि मधल्या वेळेत बैलाला बघायला छावणीत येत होती. तिनं साहेबरावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. उंची कमी भरली असणार, पण दुःखानं माणूस आखडतो, अशी तिनं समजूत करून घेतली असावी.

"शेषेराव," ती म्हणाली, "कालच बाई गेली आन् आज कामावर? दिस तरी होऊ द्यायचे."

आता इथं शहाणा माणूस म्हणाला असता, की मावशी, ते नाटक असतं. पण बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि साहेबराव नट होता. समोर प्रेक्षक रडत असताना रंग पुसणारा नट मी तरी पाहिलेला नाही. त्यानं खाली बघितलं, बैलाच्या गळ्यातल्या पाटीवर मालकिणीचं नाव वाचलं, खाकरला आणि म्हणाला, "ढोरांना सुतक कळत न्हाई, कोंडाबाई."

तिला घेरीच यायची बाकी राहिली. घरी कोण रांधतं, म्हणून तिनं विचारलं. चूल पेटली नाही, असं त्याच्या तोंडून गेलं. राहता कुठं, तर स्टँडच्या मागं. संभाषण संपलं तेव्हा साहेबरावाला वाटलं, झकास झालं. दवाखान्यात परत येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. तिसऱ्या दिवशी भाऊबंद, सोयरे, ओळखीपाळखीचे भाकरी-पिठलं बांधून आणतात आणि घरच्या माणसाला जवळ बसवून खायला लावतात. आणणाऱ्यानंही त्याच्यासोबत चार घास खायचे. त्याला कडू घास म्हणतात. आणि चूल पेटली नाही, असं तो स्वतःच सांगून आला होता.

त्यानं डोकं चालवलं. तिसरा दिवस रविवारचा येत होता, डॉक्टर त्या दिवशी गावाला जाणार होते आणि बंगल्याची चावी साहेबरावाकडंच असायची. बैठकीत खुर्च्या होत्या, भिंतीवर शिंगं होती. एक दिवसासाठी पाटलाचं घर म्हणून खपलं असतं. रात्री जेवताना त्यानं पंचफुलाला बेत सांगितला. तिनं त्याच्या ताटातली भाकरी तशीच अर्धी काढून ठेवली.

"त्या घरात मी कोन?"

साहेबराव घुटमळला. म्हणाला, तू कामवाली म्हणून पाणी दे.

"तुमची बायकू मेली म्हनून लोकं भाकरी आननार," ती म्हणाली, "आन् मी जित्ती असून दुसऱ्याच्या घरात कामवाली. ह्यापरीस मेलेली काय वाईट?"

त्यानं पंधरा मिनिटांची गोष्ट काढली, चाळीस गावांची काढली, खड्ड्याची काढली. लोकांना कळलं तर बांध बंद होईल, हणमंतरावांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पंचफुलानं ते सगळं शांतपणे ऐकलं. कारण तीही दर गुरुवारी ऐकायची, फक्त त्याला कधी कळू दिलं नव्हतं. मग एवढंच म्हणाली, स्टँडच्या मागं सांगितलंय ना, मग स्टँडच्या मागंच या म्हणावं. आणि रविवारी सकाळी तिनं अंगण झाडलं, माठ भरला, तुरीचं वरण टाकलं आणि दार सताड उघडं ठेवलं. साहेबराव डॉक्टरांच्या बंगल्याची चावी खिशात घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. दोनदा बाहेर पडला आणि दोनदा परत आला.

दुपारी त्या आल्या. कोंडाबाई, तिच्यामागं खडीवरच्या चार बाया, डोक्यावर पाट्या आणि सोबत कोंडाबाईचा दीर नरसिंग. घराघरातून एकेक दोन-दोन गोळा करून एक्केचाळीस भाकरी. मिलोच्या, लाल, जाड. ज्या घरात पोरांना अर्धी मिळत होती त्या घरातनंसुद्धा एक निघाली होती.

गल्लीच्या तोंडाला निळा झेंडा होता. नरसिंग तिथंच थबकला. दारातून आत बघितलं, समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तो हळूच म्हणाला, "वैनी, चला. घर चुकलंय."

कोंडाबाई दारात उभी होती. आत साहेबराव उभा होता. खिशातली चावी त्यानं मुठीत इतकी आवळली होती, की तळहातावर वळ उठला. एक शब्द बोलला असता तर घर बरोबर ठरलं असतं, आणि गप्प राहिला असता तर बाई परत गेली असती, बांध वाचला असता.

"घर हेच हाय, मावशी," तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात. तो आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला, आणि तो अगदीच बारीक होता.

चारी बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. नरसिंग म्हणाला, पाट्या उचला. तेव्हा कोंडाबाईला अडचण समजली. मयताच्या घरी नेलेली भाकरी माघारी आणायची नसते. आणली तर मागोमाग मयत येतं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. टाकून द्यावी, तर त्या साली भाकरी टाकणाऱ्याचं पाप कशानं फिटलं असतं? एका रिवाजानं पाय मागं ओढला, दुसऱ्यानं पुढं ढकलला. कोंडाबाई क्षणभर डुगडुगली आणि मग उंबरा ओलांडून मटकन खाली बसली. बाया मागोमाग आल्या. नरसिंग बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला.

इतक्यात पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"ही कोन?" कोंडाबाईनं विचारलं.

"बायकू," पंचफुला म्हणाली.

"मंग मेली कोन?"

आता लपवायला काही राहिलं नव्हतं. साहेबरावानं सांगितलं, की कुणी मेलं नाही, साखराबाई म्हणजे एक शिक्षिका आहेत, आणि त्यांच्या मालकांची नांदेडला बदली झाली. कोंडाबाई ऐकत गेली तशी तिची मान ताठ होत गेली. घर कुणाचं, जात कोणती, हे तिच्या डोक्यातून कुठल्या कुठं गेलं. "नवऱ्याची बदली झाली म्हनून बाईनं मरायचं?" ती म्हणाली. "तीन रोज रडून राहिले मी. माझा मालक गेला तवा एवढी रडले न्हवते." हे बोलून गेल्यावर तिनं एकदम बाहेर नरसिंगकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

भाकरी समोर होत्या, वरण वाढलं होतं, वाफ निघून गेली. हात कुणाचा पुढं होईना. शेवटी कोंडाबाईनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "त्याच्या आवाजात बोल. शेषेरावाच्या. मंग खाते."

साहेबरावानं बायकोकडं बघितलं. पंचफुलानं ताट कोंडाबाईकडं सरकवलं. तो खाकरला. खोलीत सहा फुटी माणूस आला. "कोंडाबाई, लांबून आलात. घास घ्या, बरं का."

डोळे मिटूनच तिनं चाचपडत भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि तोंडाशी नेली. तेवढ्यात पंचफुला अगदी प्रेमानं म्हणाली, "मावशी, डोळे उगडून खावा. बोट चावंल."

चौघींतली एक फिसकन हसली. मग दुसरी. मयताच्या घरी आलेल्या बाया पदर तोंडाशी धरून गदगदा हलायला लागल्या. लांबून नरसिंगला वाटलं, रडायलाच लागल्या. कोंडाबाईनं डोळे उघडले, पंचफुलाकडं रागानं बघितलं आणि घास तोंडात टाकला. मग दुसरा टाकला.

निघताना तिनं साहेबरावाला कोपऱ्यात घेतलं. पाटील कोण आहे ते ती कुणाला सांगणार नाही. पण ती कुठं जेवली, तेही त्यानं कुणाला सांगायचं नाही. गावाला कळलं तर तिला पंगतीत कोण बसवणार? साहेबरावानं मान डोलावली. आपलं गुपित बाईनं झाकलं, की बाईचं आपण झाकलं, हे त्याला नीट कळेना. चाव्यांच्या जुडग्यासारखं दोन्ही एका कडीत अडकलं होतं. नरसिंगला भावजयीनं सांगितलं, आत नुसतं पाणी प्याले. तेही गावात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तोही गप्प बसला.

बांध चालू राहिला. शेषेराव विधुर झाला, आणि विधुर पाटलाला बायकांची पत्रं दुप्पट यायला लागली. दुष्काळ सरला, साहेबरावाची बदली लातूरला झाली, हणमंतरावांचे केस पांढरे झाले. दहा वर्षं गेली.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गावात पाट्या बदलल्या, रंग लागले, औशापासून माणसं ट्रकनं आली. त्या आठवड्यात मैदानावर शेतकऱ्यांचा मेळावा ठरला आणि हणमंतरावांनी निवृत्तीच्या आधी एक ठरवलं. शेषेरावाला लोकांसमोर उभा करायचा, खऱ्या नावानं. "फार झाकलं, साहेबराव," ते म्हणाले. "मी घाबरट होतो." साहेबरावानं नको नको म्हटलं. बांध गेला तर मी काय राहतो, म्हणाला. पंचफुलानं त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून ठेवली.

निवेदकानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, की आता शेषेराव पाटील येत आहेत. टाळ्यांनी मांडवाचे पत्रे हलले. मग तो म्हणाला, यांचं नाव साहेबराव सोनकांबळे. टाळ्या एकदम पातळ झाल्या. या भागात आडनाव ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही. साहेबराव माईकसमोर आला, तर माईक त्याच्या कपाळाला लागत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, पाटील कुठाय? दुसरा म्हणाला, फसवलं की राव. साहेबरावानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळ्यातला पाटील जागेवर नव्हता.

तेव्हा बायकांच्या बाजूला एक म्हातारी काठी टेकत उठली. ती साठीची कोंडाबाई. मैदानात कोण आहे, गावचे किती आहेत, दीर कुठं बसलाय, सगळं बघून घेतलं आणि माईकची गरज नसलेल्या आवाजात म्हणाली, "म्या जेवले हाय ह्याच्या घरी. दुस्काळात. ह्याची बायकू मेली म्हनून एक्केचाळीस भाकरी घिऊन गेलते, तर ती मेली दारातच उभी, तांब्या घिऊन."

पुढच्या रांगेत नरसिंग बसला होता, त्याची मान हळूहळू छातीला टेकली.

"हा खोटं बोलला असता तर म्या गुमान माघारी गेले असते," कोंडाबाई म्हणाली. "न्हाई बोलला. आता बोलू द्या त्याला." आणि बसता बसता, काहीतरी राहिल्यासारखं, पुन्हा अर्धी उठली. "वरन मातर आळनी होतं."

पहिली हसणारी कोण होती, ते कुणाला कळलं नाही. पण हसू बायकांकडून निघालं आणि पुरुषांकडं गेलं. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, बोला शेषेराव. साहेबराव चवड्यांवर उभा राहिला, खाकरला, मध्येच थांबून साऱ्या मैदानाला घाम फोडला आणि म्हणाला, "बरं का."

टाळ्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूला, दोन रांगा मागं बसलेली पंचफुला पुढं वाकली आणि कोंडाबाईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मयताचं वरन आळनीच करत्यात, मावशी."